आधी उपटा, मग लावा

जोधपूरला आलेल्या माणसाची मान वरच असते. मेहरानगडाच्या भिंती इतक्या उंच आणि इतक्या अंगावर येणाऱ्या, की त्या ज्या टेकडीवर उभ्या आहेत तिच्याकडे बघायचं कुणाला सुचतच नाही. १४५९ साली राव जोधानं इथं किल्ल्याचा पाया घातला. तेव्हापासून साडेपाचशे वर्षं ही टेकडी म्हणजे किल्ल्याचं जोतं, एवढीच तिची ओळख. आज त्या जोत्याच्या सुमारे ७० हेक्टर उतारावर एक उद्यान आहे, राव जोधा डेझर्ट रॉक पार्क. तिथं हिरवळ नाही, कारंजं नाही, मेंदी कातरून केलेले हत्ती-मोर नाहीत. मे महिन्यात गेलात तर तापलेला खडक, काटेरी झुडपं आणि पिवळं पडलेलं गवत बघून तिकिटाचे पैसे फुकट गेले असंच वाटेल. तरीही आपल्या देशातल्या शहरांमध्ये हरवलेला निसर्ग परत आणण्याचे जे प्रयोग झाले, त्यांत मी या उद्यानाला पहिल्या पंगतीला बसवीन. इथल्या कामाचा श्रीगणेशा झाडं मारून झाला.

असं म्हणणं आपल्याकडे जरा जिवावरच येतं. शाळेच्या भिंतीवर ‘झाडे लावा, झाडे जगवा’ वाचत आपण मोठे झालो. झाड लावणारा पुण्यवान आणि तोडणारा पापी, हा हिशोब इतका पक्का बसलाय की कोणतं झाड, कुठं लावलं आणि तिथं आधी काय होतं, हे प्रश्न विचारणाराच संशयित ठरतो. जोधपूरची गोष्ट समजून घ्यायची तर हा हिशोब थोडा वेळ बाजूला ठेवावा लागेल.

इथं मारलेल्या झाडाचं नाव विलायती बाभूळ. मारवाडात तिला बावळिया म्हणतात. मराठवाड्यात, सोलापूरकडे रेल्वेरुळांच्या कडेनं, आटलेल्या तळ्यांच्या पोटात आणि ओसाड पडलेल्या जागांवर जी ‘वेडी बाभूळ’ माजलेली दिसते, तीच ही. मूळची मेक्सिकोची आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांच्या वनखात्यानं ती भारतात आणली, आणि मारवाडात ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पोचली. त्या काळच्या राज्यकर्त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वाळवंटात जळण मिळत नव्हतं, दुष्काळ पाचवीला पुजलेला होता, आणि इथं एक झाड असं होतं की त्याला पाणी नको, राखण नको, सुपीक जमीन नको. १९४० साली जोधपूर संस्थानानं त्याला ‘शाही झाड’ म्हणून मान दिला आणि रयतेला ते जपायला सांगितलं. महाराजा उमेदसिंह विमान उडवण्याचे मोठे शौकीन. त्यांनी विमानातून या झाडाच्या बिया राज्यभर पेरल्या, असं जोधपुरात अजून सांगतात.

शाही पाहुणा नंतर घरधनी होऊन बसला. कसा, ते पाहण्यासारखं आहे. या झाडाचा पाला शेळीला आवडत नाही, पण शेंग गोड. शेळी शेंगा खाते, कठीण कवचाचं बी तिच्या पोटातून सुखरूप बाहेर पडतं, तेही खतासकट, आणि झाडापासून कोसभर लांब. म्हणजे चरायला सोडलेला प्रत्येक कळप हा पेरणीयंत्रच. मुळं पाण्याच्या शोधात भलती खोल जातात. याच जातकुळीतल्या एका झाडाचं मूळ अमेरिकेतल्या ॲरिझोनात एका उघड्या खाणीत पन्नास मीटरांहून खोल सापडलं होतं. गळलेल्या पानांतून उतरणारी द्रव्यं शेजारच्या बियांना नीट रुजू देत नाहीत. आणि कुऱ्हाडीला तर हे झाड भीक घालत नाही. बुंधा तोडला की जमिनीखाली, मुळाच्या मानेवर झोपलेले डोळे जागे होतात आणि एका खोडाच्या जागी सात-आठ धुमारे फुटतात. जळणासाठी दर वर्षी तोडणाऱ्या माणसांनी त्याची झुडपं आणखी दाट केली.

या झाडाची दुसरी बाजूही सांगायला हवी. राजस्थानात आणि आपल्याकडेही हजारो घरांतल्या चुली याच लाकडावर पेटतात. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात त्याच्या कोळशावर कुटुंबं पोट भरतात. तेव्हा देशभर सरसकट त्याचा नायनाट करा, असं म्हणणारे लोक मला उथळ वाटतात. पण किल्ल्याच्या पायथ्याशी, शहराच्या कुशीत, ७० हेक्टरांवर या टेकडीचं मूळचं रूप परत आणायचं ठरलं असेल, तर तिथं बावळियाला जागा नव्हती.

हे ठरवलं मेहरानगड म्युझियम ट्रस्टनं, २००६ मध्ये. काम सोपवलं प्रदीप क्रिशन यांच्याकडे. हे गृहस्थ मूळचे चित्रपट-दिग्दर्शक. ‘मॅसी साहिब’ त्यांचा. पुढं सिनेमा सोडून ते झाडांच्या नादी लागले, आणि जोधपूरचं काम सुरू झालं त्याच वर्षी त्यांचं दिल्लीच्या झाडांवरचं पुस्तक आलं. वनस्पतिशास्त्राची पदवी नसलेल्या माणसानं लिहिलेलं ते पुस्तक आज दिल्लीच्या झाडांसाठी पहिला संदर्भ मानलं जातं. पदवी नसण्याचा जोधपुरात फायदाच झाला असावा, असा माझा तर्क आहे. ठराविक वृक्षारोपणाचा साचा त्यांच्या हातात नव्हता.

आता अडचण खडकाची. मेहरानगडाची टेकडी रायोलाइट नावाच्या ज्वालामुखीजन्य खडकाची आहे. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर. आपला बेसॉल्ट पातळ लाव्हाचा, थरांवर थर पसरत गेलेला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. जोधपूरचा रायोलाइट घट्ट, चिकट, स्फोट होऊन बाहेर पडणाऱ्या लाव्हाचा, आणि वय पंचाहत्तर कोटी वर्षांच्या आसपास. उडालेली तप्त राख खाली पडून तिथंच वितळून चिकटली आणि तिचाही खडक झाला. किल्ल्याजवळचा असा खडक भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यानं राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपला आहे. हा खडक काचेसारखा कठीण. त्यावर माती म्हणाल तर फटींत साचलेली मूठ-दोन मूठ धूळ. आणि त्या फटींमध्ये बावळियानं आपली मुळं पाचरीसारखी ठोकलेली.

बावळिया मरायचा तर मुळाची मान, म्हणजे जमिनीखालचा दीडएक फूट भाग, काढायला हवा. शेतात हे काम जेसीबी दुपारभरात करील. रायोलाइटच्या उतारावर जेसीबी चढतच नाही, आणि चढला तरी खडकाची चाळण करून ठेवील. मग हे काम कुणी केलं? खंडवालियांनी. जोधपूरच्या आसपास वालुकाश्माच्या खाणी आहेत. गावातली जुनी घरं, हवेल्या, उमेदभवन राजवाडा सगळं त्याच दगडाचं. पिढ्यान्‌पिढ्या हा दगड फोडणारे ते खंडवालिया. आपल्याकडचे वडार जसे दगडाची नस ओळखतात, तसेच हे. खंडवालिया घाव घालण्याआधी खडकावर हातोड्यानं टकटक करतो आणि कान देतो. खडक कुठं एकसंध आहे, कुठं आतून तडा गेलाय, छिन्नी कुठं धरली तर ढलपा सुटेल, हे त्याला आवाजावरून कळतं. खडक बोलका झाला की मग छिन्नी, हातोडा, पहार. वालुकाश्मावर कमावलेलं हे कसब त्यांनी त्याहून कितीतरी कठीण रायोलाइटवर चालवलं. बावळियाचं एकेक मूळ त्यांनी कडेचा खडक फोडून उघडं केलं आणि मानेसकट काढलं.

या कामातून एक गोष्ट हाती लागली, आणि मला या सगळ्या प्रकल्पातली ती सर्वांत आवडते. मूळ काढलं की तिथं खड्डा उरे. बावळिया मूर्ख नव्हता. खडकात जिथं खोल फट होती, जिथं पाणी मुरत होतं, तिथंच तो वाढला होता. म्हणजे या उघड्याबोडक्या उतारावर झाड जगू शकेल अशी प्रत्येक जागा त्यानं शोधून ठेवलेली होती. त्याच खड्ड्यांत मग मूळच्या वनस्पतींची रोपं लागली. नवे खड्डे खणायला कुणी गेलं असतं तर निम्मे तरी चुकीच्या जागी पडले असते.

लावायचं काय, हा पुढचा प्रश्न, आणि सर्वसाधारण माणसाला इथं वाटतं की उत्तर सोपं आहे: राजस्थानातली स्थानिक झाडं लावा. राजस्थानचा राज्यवृक्ष खेजडी. म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा होते ती. गंमत म्हणजे अगदी अलीकडेपर्यंत शमी आणि विलायती बाभूळ ही दोन्ही झाडं वनस्पतिशास्त्राच्या वहीत एकाच प्रजातीत नोंदली होती. एक मारवाडचं दैवत, दुसरी मारवाडची डोकेदुखी. जोधपूरपासून जवळच खेजडली गावात १७३० साली राजाच्या माणसांनी खेजडी तोडायला कुऱ्हाडी उचलल्या, तेव्हा अमृतादेवीसह ३६३ बिष्णोई झाडांना मिठ्या मारून मेले, ही कथा मारवाडात घराघरात आहे. मग या टेकडीवर खेजडीच लावावी, नाही का?

नाही. खेजडी मैदानातलं झाड. तिला खोल रेताड माती लागते. वाळूच्या टेकड्यांवर फोग नावाचं झुडूप असतं, खास थरचं, उंट ज्यावर ताव मारतो. तेही इथं उपयोगाचं नाही, कारण त्याला मुळं पसरायला वाळू हवी. ‘स्थानिक’ या एका शब्दावर काम भागत नाही. खडकावरचं झाड खडकावर, वाळूवरचं वाळूवर. क्रिशन आणि त्यांच्या सोबत्यांनी थरमधल्या अशाच खडकाळ जागा धुंडाळल्या आणि तिथं फटींतून काय उगवतं ते पाहिलं. तिथलं बी आणून रोपवाटिकेत वाढवलं. नर्सरीत विकत मिळणाऱ्या रोपांत यातलं जवळपास काहीच नसतं. माळ्यांच्या लेखी ही सगळी तणं.

या यादीत पहिला मान थोराचा. दिसायला निवडुंग, पण कूळ एरंडाचं. वर्षातले बरेच महिने पानं नसतात, हिरव्या खोडातच अन्न तयार होतं. पाऊस पडला की पानं येतात, आणि ओल गेली की गळतात. मोडलं तर पांढरा चीक. शेळी त्याच्या वाटेला जात नाही. मोठा थोर म्हणजे काटेरी दांड्यांचा छातीएवढा उंच ढीग, एका बुंध्यातून शंभर फांद्या फुटलेला. या ढिगाच्या पोटात वाकून पाहिलं तर मजा दिसते. आत सावली असते, वाऱ्यानं आणलेली धूळ आणि पालापाचोळा साचून बोटभर माती झालेली असते, आणि त्या मातीत भलत्याच कुणाचं तरी रोप डोकं वर काढत असतं. एखादी वेल काटेरी दांड्यांना धरून वर चढलेली असते. पक्षी फांदीवर बसून फळाचं बी टाकून गेला, ते खाली रुजलं, शेळीचं तोंड आत पोचत नाही, उन्हाची झळ लागत नाही. काही वर्षांनी ते झाड थोराच्या डोक्यावरून वर जातं. उघड्या खडकावर दुसऱ्या झाडाला जन्म घ्यायचा तर थोरासारखी दाई लागते. म्हणून तो आधी.

मग कुमटिया. ही बाभळीचीच बहीण, बारीक आकडेदार काट्यांची, औषधात आणि मिठाईत जाणारा उत्तम डिंक देणारी. तिच्या चपट्या शेंगांतल्या नाण्यासारख्या बिया केर, सांगरी आणि गुंद्याबरोबर पंचकुट्याच्या भाजीत पडतात. जोधपूरच्या कुठल्याही घरात लग्नकार्याला ही भाजी असते. सांगरी म्हणजे खेजडीची शेंग, गुंदा म्हणजे आपलं भोकर. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना कुमटियाचं झाड चुलीकडून आधी माहीत असतं, मग रानाकडून. त्याखेरीज गोंदी, पिलू, केर, आणि वसंतात केशरी-पिवळ्या फुलांनी पेटणारा रोहिडा, प्रत्येकाची जागा खडक, उतार आणि ओलीप्रमाणे वेगळी.

ही झाडं मोठी नावाजलेली. पण खडकाची खरी वस्ती पायाखाली असते. ओरोपेटियम नावाचं एक गवत आहे, बोटभर उंचीचं. उघड्या कातळावरच्या खळग्यात, जिथं मातीचा थर नखाएवढा, तिथं ते वाढतं. पाऊस गेला की ते वाळून कुरकुरीत होतं, मेल्यासारखं, आणि तसंच महिनोन्‌महिने पडून राहतं. पहिली सर आली की तीच वाळलेली पानं दिवसाभरात हिरवी होतात. नवी पानं फुटायची वाट बघावी लागत नाही. पेशीतलं जवळजवळ सगळं पाणी गेलं तरी आतली यंत्रणा शाबूत ठेवायची किमया फार थोड्या वनस्पतींना साधली आहे. शास्त्रज्ञ या गवताच्या मागे लागले आहेत ते त्यासाठीच. हे गवत दख्खनच्या कातळांवरही आहे. आपण त्यावर बूट ठेवून फोटो काढतो.

जोधपूरला वर्षाला सरासरी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्याच्या निम्म्यानं, आणि बहुतेक सगळा जुलै ते सप्टेंबर. त्यामुळे उद्यानाचं घड्याळ पावसावर चालतं. ऑगस्टमध्ये टेकडी हिरवी होते, फटीफटींतून एकेका हंगामाचं आयुष्य घेऊन आलेली रोपं फुलतात, बी धरतात आणि दिवाळीपर्यंत आटोपतात. उद्यानातून एक जुनी, खडक कोरून काढलेली नहर जाते. टेकड्यांवरचं पावसाचं पाणी गोळा करून किल्ल्याजवळच्या राणीसर आणि पदमसर तलावांकडे न्यायची तिची योजना. ज्यांनी ती खोदली त्यांनाही याच रायोलाइटशी झुंजावं लागलं होतं. आता तिच्या तळातून पायवाट जाते, आणि दोन्ही बाजूंच्या कापलेल्या भिंतींत खडकाचा पोत अगदी जवळून दिसतो.

२०११ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. काम संपलं म्हणून खुलं केलं, असं मात्र नाही. हे काम संपत नसतं. बावळियाचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत पडून राहतं. प्रत्येक पावसाळ्यात नवी रोपं वर येतात आणि प्रत्येक पावसाळ्यात कुणीतरी ती उपटावी लागतात. पहिल्या वर्षी हे रोप दोन बोटांत येतं, तिसऱ्या वर्षी पुन्हा खंडवालियाला बोलवावं लागतं. अशा प्रकल्पांचं घोडं नेमकं इथं अडतं. उद्घाटनाला मंत्री मिळतो, फलकाला संगमरवर मिळतो, दहाव्या वर्षी तण उपटायला चार माणसांचा पगार मिळत नाही. जोधपुरात एक खासगी ट्रस्ट मागे उभा होता, किल्ल्याच्या तिकिटांचं उत्पन्न होतं. महापालिकेच्या उद्यान विभागाला हे जमवायचं तर अंदाजपत्रकात ‘वृक्षलागवड’ या शीर्षाशेजारी ‘निगा’ हे शीर्ष वर्षानुवर्षं टिकवावं लागेल.

असाच प्रयत्न गुरुग्रामला अरवलीतल्या सोडून दिलेल्या खाणींवर झाला. २०१० पासून नागरिक, महापालिका आणि कंपन्या यांनी मिळून तिथं धौ, म्हणजे अरवलीच्या उतारांवरचं जुनं झाड, आणि त्याचे सोबती परत आणले. इथंही शहराच्या रोपवाटिकांत ही रोपं नव्हती. बी डोंगरांतून गोळा करून आणावं लागलं. माहीमच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानाची गोष्ट मात्र निराळी. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, सुमारे ३७ एकरांवर, मुंबईच्या कचऱ्याच्या ढिगावर ते उभं राहिलं आणि १९९४ मध्ये खुलं झालं. कचऱ्याच्या ढिगाखाली दडलेलं मूळ जंगल शोधायला काही उरलेलंच नव्हतं, त्यामुळे तिथं नवं रान वसवलं. ते काम थोर आहे, पण त्याला पुनरुज्जीवन म्हणता येत नाही. जोधपूरच्या टेकडीवर मूळची वस्ती दबलेली होती, पुसली गेलेली नव्हती. आपली जागा यांपैकी कोणती, हे ओळखण्यात पहिली चूक होते.

पुण्याच्या टेकड्यांवर ही चूक झाली आहे. वेताळ टेकडीवर चढलं की सुमारे ८०० मीटर उंचीच्या त्या माथ्यावर पाय मुरमावरून घसरतात. बेसॉल्टवर मातीचा पातळ थर, त्यावर गवत, आणि गवतात विखुरलेली झाडं: सालई, गणेर, मोई, हिवर, पळस. उन्हाळ्यात गवत वाळतं, गणेर निष्पर्ण फांद्यांवर पिवळीधमक फुलं घेऊन उभा राहतो, सालईची साल कागदासारखी सुटते. माणसाला हे उजाड वाटतं. तितराला आणि चंडोलाला ते घर वाटतं. गवताच्या पात्यांत जमिनीखाली कंद धरून बसलेल्या वनस्पती आहेत, आणि पहिल्या पावसानंतर काही आठवडे त्या वर डोकावतात.

पण सरकारी कागदावर ही जमीन ‘पडीक’. इंग्रजांच्या महसुली वहीत ज्यातून सारा येत नाही ते पडीक, आणि ती वही आपण अजून मिटलेली नाही. २००० साली केंद्र सरकारनं देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढला, त्यात खुरट्या झुडपांचा माळ आणि उघडा खडकाळ भागही येतोच. पडीक जागा म्हटली की ती ‘सुधारायची’ असते. वृक्षलागवडीच्या मोहिमांना, मग ती २०१९ ची ३३ कोटी वृक्षांची असो की एखाद्या कंपनीची रविवारची, खड्डे खणायला सोपी आणि ज्यावर कुणाचं भांडण नाही अशी जागा लागते. माळ आयताच असतो.

पुण्याच्या टेकड्यांवर सुधारणा केली गिरिपुष्पानं. हेही मध्य अमेरिकेचं. मुरमात तगतं, भराभर वाढतं, फांदी रोवली तरी जगतं. लागवडीचा आकडा आणि जगण्याची टक्केवारी दोन्ही कागदावर झकास. जानेवारी-फेब्रुवारीत गुलाबी फुलं येतात, फिरायला येणारे खूश होतात. पण त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत घालतात. शेताच्या बांधावर हे वरदान, शेतकरी त्याचा पाला हिरवळीचं खत म्हणून घालतातच. टेकडीवर उलटं होतं. तिथलं गवत आणि छोट्या वनस्पती गरीब मातीतच मूळ धरून आहेत. माती श्रीमंत झाली की घाणेरीसारखी रोपं त्यांना रेटून बाहेर काढतात. त्यात पावसाळ्यात गिरिपुष्पाचं छत इतकं दाट होतं की ज्या चार महिन्यांत गवताला ऊन हवं, नेमकं तेव्हाच ते मिळत नाही. अशा रानात पावसाळ्यात गेलात तर वर हिरवंगार आणि खाली कुजणारा पाला, गवताचं पातं नाही.

मग जोधपूरसारखं करायचं का? खंडवालिया लागणार नाहीत, मुरूम तेवढा कठीण नाही. अडचण दुसरीच आहे. महापालिकेच्या हद्दीत १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि वनजमिनीवर वनखात्याचे नियम. कायदा हवाच, बिल्डरच्या करवतीपुढे तोच एक आडवा येतो. पण त्याच्या मोजपट्टीवर गिरिपुष्पही झाड आणि सालईही झाड. गवत मोजायची सोयच नाही. शिवाय टेकडीवर बुंधे पडायला लागले की सकाळी फिरायला येणारी माणसं मोर्चा आणतील, आणि आजवर टेकडी वाचली ती याच माणसांमुळे. त्यांना शत्रू करून हे काम होणार नाही.

म्हणून एका दमात सगळं साफ करायच्या भानगडीत पडू नये. चाळीस वर्षांत गिरिपुष्पात घरटी करणारे पक्षीही आलेत, आणि एकदम उघड्या पडलेल्या उतारावर गवताच्या आधी घाणेरी आणि रानमोडी चढतात. एकच उतार निवडावा, ज्यात जुनी सालई किंवा गणेर अजून उभे आहेत असा, म्हणजे बी जागेवरच मिळेल. त्यांच्या भोवतीचं गिरिपुष्प आधी विरळ करावं, बुंध्याला फुटणारे धुमारे दर पावसाळ्यात काढावेत, गवत आपण होऊन येतं का ते बघावं, आणि नाही आलं तरच शेजारच्या माळावरून कुसळी-पवन्याचं बी आणावं. गिरिपुष्पाच्या शेंगा उन्हाळ्यात तडकतात आणि बी पंधरा-वीस मीटर लांब उडवतात. त्यामुळे निवडलेल्या उताराच्या कडेची झाडं मार्चअखेरपर्यंत, शेंगा हिरव्या आहेत तोवरच, छाटायला हवीत. परवानगीचा अर्ज मग दिवाळीच्या आसपास द्यावा लागतो, आणि अर्जावर तोडायच्या झाडांच्या यादीबरोबर त्या उतारावरच्या गवतांची आणि कंदांचीही यादी जोडावी. रकाना नसला तरी पुरवणी कागद लावता येतो.